सर्वांत सावकाश चालणाऱ्याची बाग

गावात बाग झाली की आधी झाडे लागतात आणि मग पाट्या लागतात. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, कुत्री आणू नयेत, सायकल आत आणण्यास सक्त मनाई आहे. या शेवटच्या पाटीमागे बहुतेक वेळा फारसा विचार नसतो. कुठल्याशा पोराच्या सायकलचा धक्का कुणा आजोबांना लागलेला असतो, तक्रार आलेली असते, आणि तक्रार मिटवायला बंदीइतका स्वस्त उपाय दुसरा नसतो. पाटी लागते, चार दिवस रखवालदार ओरडतो, पाचव्या दिवशी पोरे त्याच पाटीखाली गोल गोल फिरू लागतात. आजोबा मात्र बागेत यायचे थांबतात. म्हणजे बंदीही झाली आणि ज्याच्यासाठी केली तोच बाहेर पडला.

बागेत सायकल असावी की नसावी, असा प्रश्न विचारला की उत्तर असेच येणार. विचारायला हवे ते वेगळे आहे: बागेतला वेग कोणी ठरवायचा? माझे म्हणणे असे की तो सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाने ठरवावा. काठी टेकत चालणारी आजी, नुकते पाऊल टाकायला लागलेले मूल, डोळ्यांनी अधू असलेला माणूस यांना मागे वळून न बघता चालता आले, तरच ती जागा बाग म्हणायची. पण हे मान्य केले की दुसरी जबाबदारी आपोआप गळ्यात पडते. सायकलवाल्यालाही त्याची जागा द्यावी लागते, बागेत किंवा बागेबाहेर. ती न देता नुसती पाटी लावणे म्हणजे प्रश्न एका फाटकातून ढकलून दुसऱ्या रस्त्यावर सोडणे.

हा विषय पुण्या-मुंबईच्या बागांचा आहे, चंदगडसारख्या तालुक्याच्या गावाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. जिथे बाग बांधून झाली, पेव्हर ब्लॉक बसले, ठेकेदाराचे बिल निघाले, तिथे आता फक्त भांडणे उरली आहेत. चंदगडला नगरपंचायत येऊन फार वर्षे झालेली नाहीत. गाव वाढते आहे, शेतजमिनी बिगरशेती होत आहेत, प्लॉट पडत आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. उद्याच्या बागा बहुतांशी याच तुकड्यांवर होणार. त्या कशा असाव्यात हे ठरवायला आज एक बैठक आणि एक कागद पुरतो. दहा वर्षांनी तेच करायला पहार आणि कोर्ट लागेल.

आज चंदगड तालुक्यात फिरायला जाणारा माणूस कुठे जातो? रस्त्यावर. तालुक्यातून बेळगाव-वेंगुर्ले रस्ता जातो. आंबोलीकडे आणि गोव्याकडे निघालेल्या गाड्या त्यावर असतात. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर त्यात मिसळतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी असली तर चिखलाने माखलेली. थंडीतल्या धुक्यात पहाटे फिरायला निघालेल्या माणसाला आणि शाळेला निघालेल्या सायकलला तो ट्रॅक्टर सारखाच धोका. पावसाळ्यात साइडपट्टी वाहून जाते आणि दोघेही डांबरावर येतात. गावाबाहेरची वाट धरावी तर तिथे गव्यांचा कळप उभा असण्याची शक्यता, आणि या भागात आता हत्तीही येतात. तेव्हा चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला बागेची गरज वाटते ती हौसेपोटी नाही. दोघेही रस्त्यावरून हुसकलेले आहेत.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी सुमारे ३२,८००, आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. या दोन्ही गटांना मारले ते प्रामुख्याने मोटारींनी, ट्रकांनी, दुचाक्यांनी. सायकलने पादचाऱ्याला मारल्याचे प्रकार फार विरळा. हा आकडा बागेच्या वादात आधी डोळ्यांसमोर ठेवावा, कारण बागेत आल्यावर हे दोन पीडित एकमेकांनाच शत्रू समजू लागतात आणि ज्याने दोघांनाही आत ढकलले तो वेग बाहेर मोकळा सुटतो.

तरीही बागेतली धडक किरकोळ नसते. सत्तरीच्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडले की पुढची काही वर्षे त्याचे जगणेच बदलते. म्हणून थोडा हिशेब करू. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. साधी सायकल पंधराच्या वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला चार मीटरपेक्षा थोडे जास्त. समोर काही आले हे कळून ब्रेकवर बोट जायला एक सेकंद धरला, तर तेवढ्यात चार मीटर गेले. ब्रेक लागल्यावर कोरड्या जमिनीवर आणखी अडीच-तीन मीटर, ओल्यावर त्याच्या दुप्पट. हाच वेग पंचवीस झाला की थांबायला चौदा मीटरच्या आसपास लागतात. वेग दुप्पट केला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. दहाच्या वेगाची सायकल आणि विसाच्या वेगाची सायकल ही धक्क्याच्या दृष्टीने दोन वेगळी वाहने आहेत.

आता जागेचा हिशेब. एक एकराची चौकोनी बाग घेतली तर कडेने जाणारी वाट अडीचशे मीटरची होते. पंधराच्या वेगाने सायकल तिला एका मिनिटात वळसा घालते, चालणाऱ्याला तीन मिनिटे लागतात. त्याच वाटेवर त्याच दिशेने वीस माणसे चालत असतील, तर सायकलवाल्याला मिनिटाला तेरा-चौदा जणांना ओलांडावे लागते, म्हणजे दर चार-साडेचार सेकंदांनी एक माणूस. याला सायकल चालवणे म्हणत नाहीत, आणि त्या वीस जणांच्या फिरण्यालाही फिरणे म्हणता येत नाही. आणि हे एका एकराचे झाले. एक एकराच्या लेआउटमधली खुली जागा तर अवघी चार गुंठे भरते. तिथे कडेने ‘सायकल ट्रॅक’ रंगवणारा आराखडा कागदावर कितीही देखणा दिसला तरी पहिल्याच बैठकीत परत पाठवावा.

वाटेची रुंदीही पाहू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी निकषांत पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. दोन माणसे बोलत बोलत जोडीने चालली की जवळपास तेवढी भरते. त्यांच्या शेजारून सायकल न घासता जायची, तर तीन मीटर तरी हवेत. आपल्याकडच्या छोट्या बागांतली वाट पाच-सहा फुटांची असते. मधोमध पांढरी रेघ मारून एका बाजूला माणसाचे, दुसऱ्या बाजूला सायकलचे चित्र काढले की नगरसेवकांना काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती रेघ नुकसानच करते. सायकलवाल्याला वाटते ही माझी पट्टी, आणि तो वेग वाढवतो. मुलाला रेघ वाचता येत नाही, आजीला ती दिसत नाही.

मग करायचे काय? आधी ‘सायकलवाला’ असा एकच माणूस असतो हा समज सोडावा. बागेत तीन तऱ्हेचे सायकलवाले येतात आणि तिघांना तीन वेगळ्या गोष्टी हव्या असतात.

पहिला, शिकणारा. आमची पिढी तासावर भाड्याची सायकल घेऊन, नळीखालून पाय घालून अर्धे पॅडल मारत शाळेच्या मैदानावर ती शिकली. आता रस्ता तसा राहिला नाही आणि मैदानांना कुलपे आहेत. सहा वर्षांच्या मुलाला सायकल शिकायला बाग ही उरलेली एकमेव जागा आहे. त्याला अडवणे हा सरळ अन्याय आहे. पण त्याला वाट नको असते, पडायला मोकळी जागा हवी असते. बागेच्या एका कोपऱ्यात पन्नास-साठ फूट लांबीचा सपाट चौक, कडेला बसायला कट्टा, आणि वाटेपासून तो वेगळा करणारी गुडघाभर उंचीची झुडपे, एवढ्यात त्याचे भागते. खर्च कारंज्यापेक्षा कमी, आणि कारंजे बंद पडते तसा हा बंद पडत नाही.

दुसरा, पलीकडे जाणारा. बागेला दोन फाटके असली की ती आपोआप जवळची वाट होते. शाळेला, बाजाराला जाणारी पोरे-पोरी ती धरणारच, आणि धरावीच. ट्रॅक्टरच्या रस्त्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी. त्यांच्यासाठी फिरायच्या वाटेला न छेदता बागेच्या एका कडेने सरळ पट्टा काढावा. जागाच नसेल तर तेवढे अंतर सायकल हातात धरून चालावे, हा नियम. हातात सायकल धरलेला माणूस हा पादचारीच, हे पाटीवरही लिहावे, म्हणजे रखवालदार आणि मुलगी यांच्यात रोज वाद होणार नाही.

तिसरा, व्यायामाला वेगात पळवणारा. गिअरची सायकल, डोक्याला हेल्मेट, मनगटावर घड्याळ. याच्याबद्दल मला आदर आहे, पण छोट्या बागेत याचे काम नाही. त्याला लागतो तो लांब, मोकळा रस्ता, आणि तो मिळवून देणे शक्य आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी ठरावीक रस्ते मोटारींना बंद करून लोकांना दिले जातात. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे करून दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये वाहतुकीवर असे निर्बंध घालण्याची तरतूद आहे. चंदगडमधून जाणारा मोठा रस्ता बंद करा असे कोणी म्हणणार नाही. पण गावालगतचा एखादा कमी वर्दळीचा रस्ता रविवारी सकाळी दोन तास अडवायला दोन बॅरिकेड आणि एक शिपाई पुरतो. बागेच्या निविदेची वाट पाहायचीही गरज नाही. हे पुढच्या महिन्यात होऊ शकते.

या मांडणीवर एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. काही जण म्हणतात, इतक्या वाटण्या कशाला? सगळ्यांना एकत्र सोडा, माणसे एकमेकांना सांभाळून घेतात. हान्स मॉन्डरमान या डच वाहतूक अभियंत्याने हीच कल्पना गाजवली. रस्त्यावरच्या रेघा, पाट्या, सिग्नल काढून टाका, म्हणजे चालक बेसावध राहत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघून वेग कमी करतो, असे तो म्हणे. यात तथ्य आहे, आणि वारीच्या वाटेवर ते दिसते: दिंडीच्या मागे सापडलेली गाडी कुणी न सांगता दिंडीच्या चालीने सरकते. पण तिथे चालणारे हजारो असतात आणि गाडी एकटी असते. गर्दी पातळ झाली की हे गणित उलटते. शिवाय डोळ्यांत बघून ठरवायचे, तर ज्याला दिसत नाही त्याने काय करावे? अंध आणि अपंग व्यक्तींच्या संघटनांनी हाच मुद्दा लावून धरल्यावर ब्रिटनच्या सरकारने २०१८ मध्ये अशा नव्या योजना थांबवायला सांगितले. एकत्र सोडणे हा उपाय बळकटांच्या सोयीचा आहे.

जागा मोठी असली की प्रश्न सुटतो, हाही भ्रम. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ८४३ एकरांचे आहे. तिथे २०१४ मध्ये दोन महिन्यांच्या आत सायकलची धडक बसून दोन पादचारी मेले आणि शहराला बागेतली वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरून २० वर आणावी लागली. २०१८ मध्ये बागेतल्या रस्त्यांवरून मोटारी कायमच्या गेल्या, तरी धावणारे, चालणारे आणि सायकलवाले यांच्यातला वाद संपला नाही. वेगाला अटकाव नसेल तर एकर कमीच पडतात.

मात्र वेगमर्यादेची पाटी हा आपल्याकडे उपाय नाही. साध्या सायकलला वेग दाखवणारा काटा नसतो आणि रखवालदाराकडे वेग मोजायचे यंत्र नसते. नियम असा हवा की जो नजरेने तपासता येईल. उदाहरणार्थ, सोळा इंची चाकापर्यंतची सायकल चौकात आणि वाटेवर चालेल, त्याहून मोठी फक्त कडेच्या पट्ट्यावर. चाक कुणालाही दिसते. बाकीचे काम वाटेनेच करावे. लांब सरळ वाटेऐवजी वळणे द्यावीत, वळणावर झाडी उंच वाढू देऊ नये, उतार संपतो तिथे बाके ठेवू नयेत. आणि चंदगडच्या पावसाचा विचार आधी करावा. इथे पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर आणि जांभ्यावर शेवाळ धरते. त्यावर सायकल घसरते आणि माणूसही घसरतो. पाणी निघून जाईल असा ढाळ, खरखरीत पृष्ठभाग आणि पावसाळ्यात दर आठवड्याला शेवाळ खरवडण्याची ठेक्यातच लिहिलेली अट, या तीन गोष्टींनी जेवढी हाडे वाचतील तेवढी दहा पाट्यांनी वाचणार नाहीत.

आणखी एक पळवाट आताच बुजवायला हवी. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. कायद्याच्या भाषेत ते मोटार वाहनच नाही. उद्या कोणी ती बागेत आणली आणि ‘ही गाडी नाही’ म्हणाला, तर कायदा त्याच्या बाजूने बोलेल. म्हणून नगरपंचायतीच्या नियमात सायकल, स्कूटर अशी नावे लिहू नयेत. पायाने चालणारे आणि यंत्राने चालणारे अशी वाटणी करावी, आणि यंत्राने चालणाऱ्यांत चाकाच्या खुर्चीला तेवढी सूट द्यावी.

चाकाच्या खुर्चीवरून फाटकाकडे येऊ. मोटरसायकल आत येऊ नये म्हणून आपण फाटकात लोखंडी चक्र बसवतो किंवा नागमोडी दांडे लावतो. मोटरसायकल तरी अडते, पण खुर्चीवरचा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई आणि वॉकर घेतलेले आजोबाही अडतात. खांब रोवावेत, पण दोन खांबांत किमान ९० सेंटीमीटर मोकळे राहिलेच पाहिजेत. त्यातून सायकल जाईल, हे खरे. ती अडवण्यासाठी अपंगाला अडवायचे नसते. ती फाटकाशीच ठेवता येईल अशी सोय करायची असते. बहुतेक बागांबाहेर मोटारींना आणि दुचाक्यांना जागा असते, सायकलला टेकवायला भिंतही नसते. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात. फाटकालगत, रखवालदाराच्या नजरेत, कुलूप घालता येईल असा स्टँड असला तर निम्म्या सायकली आत येणारच नाहीत.

वेळा वाटून घ्याव्यात असेही सुचवले जाते: सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांना, दुपार मुलांच्या सायकलींना. छोट्या जागेला हे चांगलेच आहे. फक्त ते वेळापत्रक कोण लिहितो ते पाहावे. सकाळी सहा ते आठ ही वेळ निवृत्त पुरुषांची. घरात चूल पेटवणाऱ्या बाईला ती मोकळी नसते. ती येणार दुपारी चारला, पोराला घेऊन, आणि नेमकी तीच वेळ सायकलींना दिलेली असणार. बैठकीत तिला विचारले नाही, तर बाग कागदावर सर्वांची आणि प्रत्यक्षात निम्म्या गावाची होईल.

शेवटी जागेची निवड. छोट्या गावात मोकळी जागा म्हटली की नदीकाठ आणि तळ्याकाठ आठवतो. मुंबईत पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकल आणि जॉगिंग ट्रॅकचे काम काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते बेकायदा ठरवले आणि टाकलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. पाणथळ जागेवरचा भराव चांगल्या हेतूनेही क्षम्य होत नाही. आपल्या तालुक्यात न्यायालयाच्या आधी ताम्रपर्णी नदीच निकाल देईल. २०१९ च्या पुरात तिच्या काठच्या कोवाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. काठावर काँक्रीटचा ट्रॅक ओतण्यापेक्षा गावातली खुली जागा अतिक्रमणातून सोडवणे अवघड आहे, पण टिकणारे काम तेच आहे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोकळ्या आणि अपंगांनाही वापरता येईल अशा पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बागेची चर्चा इथेच संपायला हवी, कारण बाग ही पदपथाची भरपाई नाही. घरापासून बागेपर्यंत चालत किंवा सायकलने सुखरूप जाता येत नसेल, तर लोक मोटरसायकलवर बसून चालायला जातील, आणि आज अनेक गावांत ते तसेच जातात.

म्हणून चंदगडकरांना एवढेच सांगणे आहे. तुमच्या वॉर्डात बागेचा ठराव येईल तेव्हा उद्घाटनाच्या पत्रिकेची वाट पाहू नका. नगरपंचायतीत जाऊन आराखडा मागा आणि त्यावर बोट ठेवून विचारा: शिकणाऱ्या मुलाची जागा कुठे, शाळेला जाणाऱ्या मुलीची वाट कुठे, सायकलचा स्टँड कुठे, आणि चाकाची खुर्ची कोणत्या फाटकातून येणार? या चार प्रश्नांची उत्तरे नकाशावर दिसली नाहीत, तर त्या ठरावाला हरकत नोंदवा, आणि ती लेखी नोंदवा.